आई पुण्यात, नोकरी संरक्षण खात्याच्या कामाची: अमेरिकेच्या सिक्युरिटी क्लिअरन्समध्ये परदेशातली नाती कशी मोजली जातात

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीची ऑफर येते आणि पत्रात एक अट असते: सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी) मिळालं तरच नोकरी पक्की. आई-वडील भारतात म्हणजे आपलं काही खरं नाही, ही पहिली भीती. मग कुणीतरी ओळखीचा सांगतो, 'सगळं कशाला लिहितोस, विचारतील तेवढंच सांग.' भीती बहुतेक वेळा अवास्तव असते. सल्ला मात्र माणसाला हमखास खड्ड्यात घालतो.

क्लिअरन्सचे तीन स्तर आहेत: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. तुम्ही आपल्या मनाने अर्ज करू शकत नाही. सरकारी खातं किंवा सरकारी कंत्राट असलेली कंपनीच तुमचं नाव पुढे पाठवते. अमेरिकन नागरिक असणं बंधनकारक आहे. ग्रीन कार्डवर क्लिअरन्स मिळत नाही. क्वचित प्रसंगी, दुर्मीळ कौशल्य असेल तर, सीक्रेट पातळीपर्यंतचा मर्यादित प्रवेश तेवढा देता येतो. जन्माने नागरिक आणि नंतर झालेला नागरिक असा भेद नियमांत नाही. फरक पडतो तो मागे राहिलेल्या गोतावळ्यामुळे.

नियम नेमका काय विचारतो

निर्णय ज्या कसोट्यांवर होतो त्या १३ आहेत. ८ जून २०१७ पासून लागू झालेल्या सीड-४ (सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४) या निर्देशात त्या इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने दिल्या आहेत. दारू, कर्ज, गुन्हे, मानसिक आरोग्य अशा प्रत्येकासाठी वेगळी कसोटी. परदेशातल्या नात्यांची कसोटी म्हणजे गाइडलाइन बी, परकीय प्रभाव. तिच्या शेजारची गाइडलाइन सी परकीय पसंतीची, म्हणजे तुम्ही वागण्यातून दुसऱ्या देशाला झुकतं माप देता का याची. अमेरिकेशी निष्ठा ही तिसरीच गोष्ट, ती गाइडलाइन ए मध्ये येते.

ही विभागणी नीट लक्षात घ्यावी, कारण आपली माणसं इथेच गोंधळतात. आईचं नाव क्लिअरन्सवरच्या आक्षेपाच्या नोटिशीत आलं की 'माझ्या देशभक्तीवर शंका घेतली' असं वाटून माणूस दुखावतो आणि उत्तरात पानभर निष्ठेची ग्वाही देतो. गाइडलाइन बी ला त्या ग्वाहीशी फारसं देणंघेणं नाही. तिचा प्रश्न कोरडा आहे: तुमच्या जवळच्या माणसाला कुणी वेठीला धरलं, आमिष दाखवलं किंवा त्याच्यामार्फत तुमच्यावर दबाव आणला, तर तुम्ही कात्रीत सापडाल का? सज्जन, प्रामाणिक, आईवर माया करणारा माणूसच या कात्रीत सापडण्याची शक्यता जास्त.

नातेवाईक परदेशात आहे एवढ्यावर क्लिअरन्स नाकारता येत नाही. त्या संपर्कातून 'वाढीव धोका' निर्माण होतो का, हे पाहावं लागतं. तो ठरवताना देश, नातेवाइकाचं स्थान आणि नात्याची घट्टी या तीन गोष्टी एकत्र मोजतात.

देश कोणता, याला मोठं वजन आहे. चीन, रशिया, इराण अशा देशांत जवळचं कुणी राहत असेल तर अर्जदारावर पुराव्याचं फार जड ओझं येतं. भारत त्या रांगेत नाही. भारताविषयीच्या प्रकरणांत क्लिअरन्सची सुनावणी घेणारे न्यायाधीश साधारण एकच चित्र समोर ठेवतात: मोठी लोकशाही, अमेरिकेशी वाढतं सहकार्य, पण दहशतवादी हल्ल्यांचा इतिहास आणि अमेरिकन तंत्रज्ञान बेकायदा मिळवल्याची काही उदाहरणं. म्हणजे ओझं हलकं, पण आहे. 'भारत तर मित्रदेश' एवढ्यावर भागत नाही, कारण मित्रदेशही हेरगिरी करतात. अमेरिकन नौदलाचा गुप्तवार्ता विश्लेषक जोनाथन पोलार्ड १९८५ मध्ये पकडला गेला, तो इस्रायलला कागद पुरवत होता. त्याला १९८७ मध्ये जन्मठेप झाली.

नातेवाइकाचं स्थान म्हणजे तो सरकार, लष्कर, संरक्षण उद्योग किंवा गुप्तहेर खात्याशी जोडलेला आहे का. मराठी घरांत इथे उत्तर बहुधा 'हो' असतं, फक्त ते कुणाच्या ध्यानात येत नाही. जिल्हा परिषद शाळेतली बहीण सरकारी नोकर आहे. निवृत्त तलाठी असलेले वडील राज्य सरकारचं पेन्शन घेतात. राष्ट्रीयीकृत बँकेतला भाऊ सरकारी मालकीच्या संस्थेत आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवरून कुणाचं क्लिअरन्स अडत नसतं. पण मेहुणा पाषाणच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, ओझरच्या एचएएलमध्ये किंवा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात असेल, तर ते ठळकपणे, हुद्द्यासकट लिहावं. 'सरकारी नोकरी' असं मोघम लिहून पुढच्या मुलाखतीत डीआरडीओ बाहेर पडलं, तर मुद्दा मेहुण्याचा राहत नाही, तुमच्या लपवाछपवीचा होतो.

तिसरी गोष्ट नात्याची घट्टी. जवळच्या कुटुंबीयांशी माया आणि कर्तव्याचं बंधन असतंच, असं गृहीतच धरलं जातं. ते खोडून काढायचं असेल तर पुरावा तुम्ही द्यायचा. हे गृहीतक सासू-सासऱ्यांनाही लागू आहे, कारण जोडीदारामार्फत ते बंधन तुमच्यापर्यंत पोचतं. 'सासरच्यांशी माझं फारसं बोलणं नसतं' या वाक्याने म्हणूनच काही साधत नाही, बायको रोज संध्याकाळी नाशिकला व्हिडिओ कॉल करत असेल तर मुळीच नाही.

फॉर्म भरताना

सगळं सुरू होतं एसएफ-८६ या शंभराहून अधिक पानांच्या फॉर्मपासून. तो ऑनलाइन भरतात. परदेशी नात्यांच्या दृष्टीने त्यातले १०, १७, १८, १९ आणि २० हे विभाग महत्त्वाचे.

१८ वा विभाग नातेवाइकांचा: आई-वडील, सख्खी, सावत्र आणि दत्तक मुलं, सख्खी-सावत्र भावंडं, सासू, सासरे. हयात नसलेल्यांचीही नोंद करायची. प्रत्येकाचं पूर्ण नाव, आधीची नावं, जन्मतारीख, जन्मस्थान, नागरिकत्व. अमेरिकन नागरिक नसलेल्यांसाठी आणखी: पहिला आणि शेवटचा संपर्क कधी, कशाने, किती वेळा, नोकरी कुठे, मालकाचा पत्ता, सरकार-लष्कराशी संबंध. जोडीदाराची माहिती १७ व्या विभागात जाते.

मराठी कुटुंबांत इथे तीन ठिकाणी हमखास अडतं. जुन्या पिढीतल्या कित्येकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. खरी तारीख घरात पंचांगावरून तेवढी ठाऊक असते. फॉर्ममध्ये आधार कार्डावर किंवा पासपोर्टवर असलेली तारीख लिहा, आणि शेरा लिहायच्या जागेत 'शाळेच्या दाखल्यावरून आलेली तारीख' असं एका ओळीत सांगा. कागदच नसेल तर तारखेजवळ 'अंदाजे' हा पर्याय असतो, तो निवडा. आई, सासू, लग्न झालेली बहीण यांची लग्नाआधीची नावंही लिहायची. काही घरांत लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात; तसं असेल तर दोन्ही नावं पूर्ण द्या. सासरचं नाव पासपोर्टवर आणि माहेरचं सातबाऱ्यावर, अशी परिस्थिती तपासनिसाला उलगडून सांगितली नाही तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होतात. तिसरं, जन्मगाव. जिल्हे फुटले, नावं बदलली. आजचं नाव लिहून जुनं शेऱ्यात द्यावं. आणि आजोळ फाळणीआधीच्या कराचीत असल्याने आईचा जन्म तिथे झाला असेल, तर आज तो देश पाकिस्तान आहे. ते सरळ लिहा आणि कुटुंब मुंबईला कधी आलं तेही जोडा.

काका, मामा, आत्या, चुलत-मामे भावंडं १८ व्या विभागात येत नाहीत. ती १९ व्या विभागात येऊ शकतात. हा विभाग गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जवळचा किंवा सततचा संपर्क आहे त्यांच्याबद्दल आहे, आणि कसोटी आहे आपुलकी, प्रभाव, समान हितसंबंध किंवा कर्तव्य यांनी बांधलं जाण्याची. ८० जणांच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सगळ्यांची यादी देऊ नका. सकाळच्या सुप्रभातच्या फुलांनी कुणी बांधलं जात नाही. ज्याला तुम्ही अधूनमधून स्वतःहून फोन करता, गावी गेल्यावर ज्याच्याकडे उतरता, ज्याच्या मुलाच्या फीला पैसे दिलेत, तो मामेभाऊ यादीत हवा. आईच्या वयामुळे तिच्याकडे राहणारी, बँकेची कामंही पाहणारी बाई असेल आणि तिच्याशी तुमचं दर आठवड्याला बोलणं होत असेल, तर तीही. कॉलेजच्या मित्रांना बहुतेक जण विसरतात.

२० व्या विभागात पैसा, परदेशी सरकारं आणि प्रवास. भारतातली बँक खाती, एफडी, पीपीएफ, शेअर, म्युच्युअल फंड, विमा, फ्लॅट, जमीन सगळं. इथे खरी गुंतागुंत वडिलोपार्जित मालमत्तेची. वडील गेल्यावर वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव चढतं. कधी भावाने ते परस्पर केलेलं असतं आणि तुम्हाला पत्ताही नसतो. महाराष्ट्राचा सातबारा ऑनलाइन पाहता येतो. फॉर्म भरण्याआधी गट नंबर मागवून स्वतः तपासा. तुमचा हिस्सा १२ गुंठे असो की १२ एकर, नोंद करा: हिस्सा किती, अंदाजे किंमत किती, कसतो कोण, उत्पन्न कुणाला जातं. नाव अजून चढलेलं नसलं तरी पुढे मिळकत येण्याची अपेक्षा असेल तर तेही सांगायचं असतं. आईबरोबर जॉइंट असलेलं खातं 'ते आईचं आहे' म्हणून गाळू नका.

याला करांचा एक धागा जोडलेला आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे वेगळं विवरण भरावं लागतं. आईच्या एफडीत तुमचं नाव असेल तर तीही रक्कम धरली जाते. एसएफ-८६ मध्ये खातं दिसतं आणि एफबार भरलेला नाही, असं झालं की गाइडलाइन बी चं साधं प्रकरण आर्थिक बेजबाबदारीच्या गाइडलाइन एफ पर्यंत जातं. आधी करसल्लागार गाठून मागचं निस्तरा, मग फॉर्म भरा.

आई-वडिलांना दरमहा पाठवलेले पैसे हाही स्वतंत्र प्रश्न आहे. रक्कम, किती वेळा, कशासाठी, एवढं सांगायचं. ग्रीन कार्डसाठी आईचा अर्ज केला असेल तर स्पॉन्सरशिपच्या प्रश्नाला 'हो'. परदेशातल्या निवडणुकीत मतदान केलं का, हेही विचारतात. भारतीय नागरिक असताना दिलेल्या मतांचा दोष नाही. पण अमेरिकन झाल्यावरही यादीत नाव राहिलं म्हणून गावच्या निवडणुकीत बोटाला शाई लावून आलात, तर तो भारतीय कायद्याचा भंग आणि इथे गाइडलाइन सी चा मुद्दा, असं दुहेरी दुखणं होतं.

आता ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेताक्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि काही आर्थिक सवलती. मतदान नाही, सरकारी पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'हो' म्हणू नका. पण परदेशी सरकारने दिलेलं ओळखपत्र न सांगणं ही गाइडलाइन सी मध्ये स्वतंत्र अडचण आहे, म्हणून १० व्या विभागाच्या शेऱ्यात ओसीआयचा क्रमांक आणि घेतल्याची तारीख द्यावी. या काथ्याकुटात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत. सांगितल्याने नुकसान होत नाही आणि न सांगितल्याने होऊ शकतं, एवढं पुरे. जुना रद्द झालेला भारतीय पासपोर्टही शोधून ठेवा. त्याचा क्रमांक, तारखा आणि त्यावर केलेला प्रवास विचारतात.

फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. ती क्वचितच होते. क्लिअरन्स मात्र हमखास जातं: परदेशी नात्यांचा धोका समजावून देता येतो, खोटेपणाचा डाग वर्षानुवर्षं निघत नाही.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय

नात्यांचं पारडं हलकं करायला लोक विचित्र उपाय करतात. आईशी फोन कमी करतात, घाईघाईने फ्लॅट विकतात. नातं तोडावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते, आणि नोटीस आल्यावर तोडलेल्या नात्यावर कुणी विश्वासही ठेवत नाही. त्यापेक्षा दुसरं पारडं दाखवा: अमेरिकेत किती वर्षं झाली, शिक्षण, जोडीदार-मुलांचं नागरिकत्व, घर, निवृत्तीची शिल्लक, शेजार, स्वयंसेवी काम, आधीच्या संवेदनशील नोकऱ्यांतली स्वच्छ नोंद.

मालमत्तेत आकडे समोरासमोर मांडावेत. समजा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तुमचा तिसरा हिस्सा आहे, त्या हिश्श्याची किंमत साधारण ६० लाख रुपये, म्हणजे सुमारे ७० हजार डॉलर. इकडे अमेरिकेतल्या घरातली तुमची मालकी आणि ४०१-के हे निवृत्तीचं बचत खातं मिळून ९ लाख डॉलर. मग फ्लॅटच्या धाकाने तुम्ही झुकाल हे पटण्यासारखं उरत नाही. हेच उलट असेल, एकूण संपत्तीतली बहुतांश भारतात असेल, तर प्रश्न खरा आहे आणि त्याला शब्दांनी उत्तर देता येत नाही.

एका वाक्यावर फार भिस्त ठेवू नका: 'कुणी दबाव आणला तर मी लगेच कळवीन.' न्यायाधीश हे दर सुनावणीत ऐकतात. भविष्यात काय कराल याला, तशा कसोटीच्या प्रसंगी पूर्वी काय केलंत याचा आधार असेल तरच वजन मिळतं. आधीच्या कंपनीत संशयास्पद ईमेल आला आणि तुम्ही सुरक्षा अधिकाऱ्याला कळवलंत, असा एक कागद शंभर ग्वाह्यांपेक्षा मोलाचा.

नोटीस आली तर

तपासणीनंतर अधिकाऱ्यांचं समाधान झालं नाही तर कारणांचं निवेदन येतं, त्याला सगळे एसओआर म्हणतात. त्यातली भाषा रुक्ष असते. '१.अ: तुमची आई भारताची नागरिक व रहिवासी आहे. १.ब: तुमचे सासरे भारत सरकारच्या सेवेतून निवृत्त आहेत.' हा आरोपच नाही, वस्तुस्थिती आहे, असं वाटून लोक चिडतात. चिडू नका, प्रत्येक कलमाला 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहा आणि खाली खुलासा द्या: वय, काय करते, कशावर राहते, तुमच्यावर किती अवलंबून आहे, तुमच्या कामाबद्दल तिला काय माहीत आहे. कंत्राटदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना लेखी, शपथेवर उत्तरासाठी २० दिवस मिळतात. सुनावणी हवी असेल तर तिथेच मागायची. मागाच. कागदावरच्या 'आई भारतात' या दोन शब्दांपेक्षा समोर बसून प्रश्नांना शांतपणे उत्तरं देणारा माणूस न्यायाधीशाला जास्त सांगतो.

सुनावणी संरक्षण खात्याच्या डोहा (डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स) या कार्यालयाचे प्रशासकीय न्यायाधीश घेतात. वादग्रस्त वस्तुस्थिती सरकारने सिद्ध करायची, धोका कमी असल्याचं तुम्ही. शंका उरली तर तिचा फायदा राष्ट्रीय सुरक्षेला, फौजदारी खटल्याच्या अगदी उलट. निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते, आणि अपिलात नवा पुरावा चालत नाही. म्हणून सातबारा, बँकेचे दाखले, मुलांचे पासपोर्ट सगळं पहिल्याच फेरीत, मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून द्यावं. न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळपास बंद आहे: १९८८ च्या ईगन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही असं म्हटलं. नाकारलं गेल्यास साधारण वर्षभराने पुन्हा प्रयत्न करता येतो. डोहाचे निकाल नावं वगळून ऑनलाइन प्रसिद्ध होतात. भारताशी संबंधित १०-१२ वाचून काढले तर कोणत्या खुलाशाला वजन मिळतं हे चांगलं कळतं.

मिळाल्यानंतर

क्लिअरन्स मिळालं की फॉर्म संपला, ही समजूत चुकीची. पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हायची, आता नोंदींवर सतत लक्ष असतं आणि कळवण्याची जबाबदारी तुमची. सीड-३ या निर्देशानुसार खासगी परदेश प्रवास निघण्याआधी कळवायचा. गणपतीसाठी दहा दिवस पुण्याला जाणं हाही परदेश प्रवासच. वाटेत दुबईला दोन दिवस थांबायचा बेत ऐनवेळी ठरला, तर परतल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत तो बदल सांगायचा.

टॉप सीक्रेट पातळीवर यादी लांबते: परदेशी बँक खातं उघडलं, जमीन नावावर आली, लग्न ठरलं, परदेशी नागरिक घरात ३० दिवसांपेक्षा जास्त राहिला. ही शेवटची अट आपल्याकडे सर्रास लागू होते. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-वडील मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी ६ महिने राहतात आणि त्यात कुणाला काही कळवण्यासारखं वाटत नाही. ते उतरण्याआधीच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ईमेल करा: नावं, येण्याची आणि जाण्याची तारीख, व्हिसाचा प्रकार. मुक्काम वाढला तर पुन्हा एक ओळ. त्या ईमेलची प्रत स्वतःकडे जपून ठेवा. पुढच्या तपासात वेळच्या वेळी कळवल्याचा तोच पुरावा असतो, आणि वेळेवर कळवणं हा गाइडलाइन बी मध्ये तुमच्या बाजूने मोजला जाणारा स्वतंत्र मुद्दा आहे.